आधी बेत, मग भूक

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात मराठी घरात एक मोठी गंमत घडते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत कढई काही खाली उतरत नाही. चकल्यांची चळत लागते, चिवड्याचे डबे भरतात, करंज्यांना मुरड पडते. आणि रात्री साडेआठला सगळी मंडळी पानावर बसायला तयार होतात तेव्हा ध्यानात येते, की जेवायला काहीच केलेले नाही! घरभर खमंग वास आणि पाने मात्र रिकामी. चकलीने जेवण होत नाही. आणि दिवसभर तळणीपुढे उभ्या असलेल्या गृहिणीला 'आता जरा वरणभात टाक' असे सांगण्याचे धैर्य ज्याच्या अंगी आहे, असा पुरुष निदान माझ्या पाहण्यात नाही. मग कोणीतरी मोबाईल उचलतो, अंगठा तीनचारदा खालीवर होतो, आणि अर्ध्यापाऊण तासात दारावरची घंटा वाजते.

वाचकहो, आजचे आमचे बोलणे या घंटेविषयी आहे.

पूर्वी अन्न घरातून बाहेर जात असे. १८९० साली मुंबईत महादू हावजी बच्चे यांनी डबे पोचवण्याचा उद्योग मांडला, तो एवढ्याचसाठी, की माणूस फोर्टातल्या कचेरीत बसला असला तरी त्याच्या पोटात घरचाच घास जावा. माणूस बाहेर आणि अन्न घरचे, अशी ती व्यवस्था. आता डब्याने आपली वाटच उलटी केली आहे. माणूस घरात, पायजमा घालून कोचावर बसलेला, आणि अन्न मात्र तीन मैलांवरच्या कुठल्याशा भटारखान्यातून, पाठीवर चौकोनी पेटी बांधलेल्या एखाद्या तरुणाच्या दुचाकीवरून त्याच्याकडे धावत आलेले. ही आता चैन राहिलेली नाही. तो संसाराचा भाग झाला आहे. केंद्र सरकारची २०२३-२४ सालची कुटुंबखर्चाची पाहणी पाहा. शहरातल्या माणसाच्या महिन्याच्या खर्चातले शंभरांतले सुमारे अकरा रुपये पेये, फराळाचे जिन्नस आणि तयार अन्न यांवर जातात. धान्य, दूध, भाजी यांपैकी कोणत्याही एका बाबीवर एवढा खर्च होत नाही!

यावर उपदेशकांचा उपाय ठरलेला आहे. 'बाहेरचे खाऊच नका!' हे तीन शब्द उच्चारायला फार सोपे. मीही एकदा आमच्या घरी, वर्तमानपत्र वाचता वाचता, कोणा वैद्यांचे असेच एक वचन मोठ्याने वाचून दाखवले. सौभाग्यवतींनी हातातला पेपर तपासण्याचे काम जराही न थांबवता विचारले, "अहो, पण हे सांगणारे स्वतः कुकर लावतात का?"

या प्रश्नाला उत्तर नाही. दोघेही नोकरी करणारे, लोकलने नाहीतर बसने दीड दीड तासाचा प्रवास करून घरी येणारे जोडपे. त्यात मुलाची परीक्षा, सासूबाईंचे गुडघे. अशा घरात 'बाहेरचे नको' याचा अर्थ बहुधा एकच होतो: घरातल्या एकाच माणसाने रात्री आठ वाजता पुन्हा ओट्यापाशी उभे राहायचे. ते माणूस कोण, हे सांगायला नको. तेव्हा बाहेरून जेवण मागवणे हे पाप आहे असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीत मी बसणार नाही. मागवावे, खुशाल मागवावे. प्रश्न एवढाच, की जे मागवतो ते आपण निवडतो, की आपल्याकडून कोणी निवडून घेते?

हा प्रश्न मला सुचला तो आमच्याच इमारतीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांमुळे. पण मास्तरांकडे जाण्यापूर्वी ही मोबाईलमधली खाद्ययादी कशी रचलेली असते, ते थोडे पाहू.

जुन्या उपाहारगृहात पदार्थांची पाटी भिंतीवर टांगलेली असे. मिसळ, भजी, बटाटावडा, थालीपीठ. सगळे एका अक्षरात, एका रांगेत. पाटीला तुम्ही कोण आहात याचे सोयरसुतक नसे. मोबाईलमधली पाटी मात्र तुम्हाला ओळखते. मागच्या शनिवारी काय खाल्ले ते तिला पाठ असते. किती वाजता भूक लागते हेही ठाऊक असते, आणि बरोबर त्याच वेळी खिशात ती हळूच कुरकुरते. कोणते उपाहारगृह वर दिसावे आणि कोणते खाली, हे केवळ चवीवर ठरत नाही. वरच्या काही जागा जाहिरातीचे पैसे मोजून मिळतात. आपल्याला वाटते, की आपण शंभर पदार्थ पाहून निवडले. प्रत्यक्षात भुकेल्या माणसाचा अंगठा पहिल्या सातआठ नावांपलीकडे सहसा जात नाही.

वरखाली मांडण्याने एवढा काय फरक पडणार, असे कोणी विचारील. पडतो. ब्रिटनमध्ये नेस्टा आणि बिहेव्हिअरल इनसाइट्स टीम या संस्थांनी असा एक प्रयोग करून पाहिला, आणि २०२३ साली त्याचे निष्कर्ष युरोपातल्या स्थूलताविषयक परिषदेत मांडले गेले. जेवण मागवण्याच्या ॲपसारखे एक बनावट ॲप त्यांनी तयार केले आणि हजारो लोकांना त्यावरून जेवण निवडायला सांगितले. कोणालाही उपदेश केला नाही, एकही पदार्थ काढून टाकला नाही. फक्त कमी उष्मांकांची उपाहारगृहे आणि कमी उष्मांकांचे पदार्थ यादीत वर आणून ठेवले. एवढ्यानेच दर मागणीमागे उष्मांक सुमारे पंधरा टक्क्यांनी, म्हणजे दोनशेच्या आसपास, उतरले. एका वेळच्या जेवणातून दोन पोळ्यांइतके वजन गेले, आणि खाणाऱ्याला पत्ताही नाही! प्रयोग लुटुपुटीच्या मागणीवर झाला हे खरे. पण यादी वाचणारा अंगठा खऱ्याच माणसाचा होता.

यादीची दुसरी युक्ती याहून चतुर आहे. तुमचे जेवण दोनशे तीस रुपयांचे झालेले असते आणि खाली अक्षरे उमटतात: 'आणखी एकोणसत्तर रुपयांचे मागवा, घरपोच सेवा फुकट!' पोट म्हणते पुरे. हिशेबी मराठी मन म्हणते, पस्तीस रुपये वाचतात ते का सोडा? मग दोन गुलाबजाम येतात, नाहीतर थंड पेयाची बाटली येते. या बाटलीचा हिशेब सोपा आहे. तीनशे मिलिलिटरच्या गोड फसफसत्या पेयात सुमारे तीस ग्रॅम साखर असते. म्हणजे चहाचे सहासात चमचे. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की दिवसाला वरून घातलेली साखर एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, आणि पाच टक्क्यांच्या आत आली तर अधिक चांगले. दोन हजार उष्मांकांच्या माणसाला याचा अर्थ पन्नास ग्रॅम, आणि चांगल्या पक्षी पंचवीस. पस्तीस रुपये वाचवण्यासाठी एकोणसत्तर रुपये खर्चून आपण दिवसाची साखर एका बाटलीत संपवतो. याला काटकसर म्हणणारा माणूस अर्थशास्त्रात नापास झाला पाहिजे.

आता माझ्या विषयाकडे वळतो. मराठीचा अध्यापक असल्यामुळे कोणताही मजकूर हाती आला, की त्याचे व्याकरण पाहण्याची मला खोड आहे. खाद्ययादीचे व्याकरण मी सवडीने पाहिले आणि एक नियम हाती लागला: नामाकडे पाहू नका, विशेषणाकडे पाहा. 'पनीर' हे नाम बिचारे निरुपद्रवी आहे. सगळे रामायण घडते ते त्याच्या मागेपुढे येणाऱ्या शब्दांत. 'क्रिस्पी' म्हणजे तळलेले. 'ड्राय' हे चायनीज पदार्थाच्या मागे आले तर आधी तळून मग परतलेले. 'मखनी', 'बटर मसाला', 'शाही', 'मलई' म्हणजे लोणी, साय, काजू यांपैकी दोन तरी. 'लोडेड' म्हणजे चीझ, आणि 'एक्स्ट्रा लोडेड' म्हणजे तेच पण जास्त पैशांत. उलट 'तंदुरी', 'भाजलेले', 'वाफवलेले', 'साधे', 'तडका' ही विशेषणे गरीब घरातली आहेत. ती यादीत खाली, मान घालून बसलेली असतात. दाल मखनी आणि दाल तडका, मेदूवडा आणि इडली, बटर नान आणि तंदुरी रोटी, चीझ डोसा आणि साधा डोसा: नाम तेच किंवा शेजारचेच, विशेषण बदलले की जेवण बदलले.

आणखी एक भटारखान्यातले गुपित सांगतो. ते हॉटेलात काम केलेल्या कोणालाही विचारा. पंजाबी पद्धतीच्या भाज्यांना यादीत तीसचाळीस नावे असतात, पण मागे चुलीवर रश्शाची मोठी पातेली बहुधा तीनचारच असतात: कांदा-टोमॅटोचा एक, काजू-मगजाचा पांढरा एक, मखनीचा लाल एक. हे रस्से सकाळीच करून ठेवलेले असतात. म्हणून ॲपमधल्या सूचनेच्या चौकटीत आपण मोठ्या विश्वासाने 'तेल कमी घाला' असे लिहितो, तेव्हा आचारी तरी काय करणार? रश्शातले तेल सकाळीच पडून गेलेले असते. सूचना लिहायची तर जे आयत्या वेळी घडते त्याविषयी लिहावी: 'वरून लोणी घालू नका', 'रोटीला बटर नको', 'तर्री वेगळी द्या', 'फरसाण वेगळे बांधा', 'चटणी वेगळी'. या सूचना पाळता येतात, आणि अनेकदा पाळल्या जातात.

आता मास्तर.

मास्तर चौऱ्याहत्तर वर्षांचे. माध्यमिक शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या आणि घरात ते एकटे उरले. एकुलता मुलगा न्यू जर्सीत, नोकरीत आणि संसारात गुंतलेला, पण वडिलांवर जीव टाकणारा. वडिलांना स्वैपाक येत नाही; स्वैपाकाच्या बाई सकाळी येऊन जातात, रात्रीचे वांधे. मुलाने उपाय काढला. इथल्या संध्याकाळी तिथे सकाळ असते. कामाला बसण्यापूर्वी तो मोबाईलवरून वडिलांसाठी इथले जेवण मागवी. आठ हजार मैलांवरून मुलाने बापाला जेवू घालावे, ही गोष्ट ऐकून आमच्या अख्ख्या इमारतीतल्या आयांचे डोळे पाणावले होते.

एके संध्याकाळी मी काही पुस्तक परत करायला त्यांच्याकडे गेलो, तेव्हा टेबलावर पार्सल उघडे होते: पनीर बटर मसाला, दोन बटर नान, जिरा राईस, शेजारी लोणच्याची पुडी आणि पापड. मास्तरांच्या पायांवर सूज दिसत होती. मी विचारले, तर म्हणाले, "रक्तदाब वाढलाय. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय."

"मग काका, हे रोज?"

"रोज नाही. आठवड्यातून पाच दिवस." गणिताचे मास्तर, उत्तर अचूक. मग जरा थांबून म्हणाले, "अर्धं मी खातो, अर्धं खाली वॉचमनला देतो."

"मुलाला सांगत का नाही?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "तो तिथून एवढं पाठवतो. त्याला 'हे नको' कसं म्हणायचं? त्याची आई असती तर गोष्ट वेगळी. ती बोलली असती."

त्या रात्री मला झोप लागायला वेळ लागला. निवड इथे कोणी केली होती? बापाने नाही; तो तर मुलाचे प्रेम गिळत होता. मुलानेही नाही. पुढे उलगडा झाला तो असा. पहिल्या दिवशी मुलाने स्वतःच्या आवडीचे पनीर मागवले. दुसऱ्या दिवशी ॲपने त्याच्यापुढे एक बटण धरले: 'पुन्हा मागवा.' कामाच्या घाईतल्या माणसाला याहून सोपे काय? एक बोट टेकले की बाप जेवला. ते बटण पाच महिने रोज दाबले गेले. दोघेही एकमेकांसाठी करत होते, आणि निवडत होते ते बटण.

मिठाचा हिशेबही इथेच सांगून टाकतो, कारण तो पार्सलवर कोणी छापत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि हैदराबादची आपली राष्ट्रीय पोषण संस्था दोघींचेही म्हणणे एकच आहे: मोठ्या माणसाला दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा जास्त मीठ नको. म्हणजे सपाट भरलेला एक चहाचा चमचा. तोही सकाळच्या पोह्यांपासून रात्रीच्या आमटीपर्यंत सगळे मिळून. हॉटेलचा रस्सा, वर लोणचे, पापड, सॉसच्या पुड्या, एवढे एका बैठकीत झाले, की त्या चमच्यातले फारसे काही दिवसाच्या उरलेल्या जेवणांना राहत नाही. आणि हा एकट्या मास्तरांचा प्रश्न नव्हे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीत देशात सुमारे दहा कोटी माणसांना मधुमेह आणि एकतीस कोटींहून अधिकांना उच्च रक्तदाब असल्याचा अंदाज निघाला. तुमच्या-आमच्या पंक्तीत, दर चारपाच पानांमागे, या दोहोंपैकी काहीतरी बसलेले आहेच.

शेवटी मुलाशी बोलले कोण? आमची कन्या. ती मास्तरांकडे लहानपणी गणित शिकलेली. आजोबा म्हणते त्यांना. तिने एका रविवारी व्हिडिओवर मुलाला गाठले आणि मास्तरांना समोर बसवून त्यांच्याकडूनच वदवून घेतले. पलीकडे क्षणभर कोणी बोलेना. मग मुलगा म्हणाला, "बाबा, मला वाटत होतं तुम्हाला पनीर आवडतं."

"तुला आवडतं," मास्तर म्हणाले, "म्हणून खात होतो."

मग दोघांनी मिळून एक यादी केली. मास्तरांनी ती रेघी कागदावर, परीक्षेच्या वेळापत्रकासारखी आखली. सोमवार, बुधवार, शुक्रवार: समोरच्या गल्लीतले पोळी-भाजी केंद्र. ते ॲपवर नाही, पण फोनवर आहे. तीन पोळ्या, एक पालेभाजी किंवा उसळ, आणि केंद्रातला मुलगा वर आणून देतो. पैसे न्यू जर्सीहून महिन्याचे एकदम येतात. मंगळवार: साधा डोसा नाहीतर इडली, चटणी वेगळी. गुरुवार: फुलके, दाल तडका, लोणी-लोणचे-पापड नको. शनिवारी शेजारी कोणीतरी बोलावतेच. आणि रविवारच्या रकान्यात मास्तरांनी लिहिले: 'तुझ्या आवडीचे.' त्या दिवशी मुलगा हवे ते पाठवतो, आणि तिकडे नाश्त्याची बशी घेऊन पडद्यापुढे बसतो. पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी गोळी वाढवली नाही. चमत्कार म्हणावा असे यात काही नाही. पण पायांची सूज उतरली, आणि वॉचमनला मात्र हल्ली रविवारचीच वाट पाहावी लागते.

पोळी-भाजी केंद्राचे नाव निघाले म्हणून थोडे विषयांतर करतो. घरगुती चवीचे जेवण दुसऱ्याला रांधून घालणे हा आपल्याकडच्या बायकांचा जुना, कष्टाचा व्यवसाय. गिरणगावातल्या खानावळी चालवणाऱ्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले, तेव्हा कुठे त्यांच्या राबण्याला सावकाराऐवजी बँकेचे दार दिसले. आजची दादर, डोंबिवली, पुण्यातली पोळी-भाजी केंद्रे त्याच वंशातली. दिसायला साधी, रंगीत चित्र नाही, सवलत नाही. पण रात्री आठ वाजता दमलेल्या घराला ज्याची गरज असते, ते नेमके तिथे मिळते. ॲप उघडण्यापूर्वी गल्लीच्या तोंडाशी एकदा पाहून यावे, एवढेच सांगणे.

मास्तरांच्या कागदाने मला जे शिकवले ते एका वाक्यात मावते: निवड भूक लागण्याआधी करावी. आपल्या भाषेत याला फार सुंदर शब्द आहे, 'बेत'. पूर्वीच्या गृहिणी सकाळीच विचारत, आज रात्री काय बेत? हा प्रश्न भरल्या पोटी विचारलेला असे, म्हणून त्याचे उत्तर शहाणपणाचे निघे. आपण आता आधी भुकेने व्याकूळ होतो आणि मग यादी उघडतो. यादी रचणाऱ्याला तेच हवे असते.

तेव्हा या दिवाळीत फराळाच्या यादीशेजारी आणखी एक यादी फ्रिजवर चिकटवावी. सहासात जेवणे, घरातल्या सगळ्यांनी मिळून, रविवारी दुपारी जेवणानंतर ठरवलेली. कोणत्या ठिकाणचे काय, आणि काय घालू नका, तेही लिहिलेले. मागवण्याची वेळ आली की ॲपमध्ये हिंडायचे नाही. कागदावरचे नाव शोधायचे, मागवायचे, बाहेर पडायचे. भाजीबाजारात पिशवी घेऊन जाणारा आणि हात हलवत जाणारा यांत जो फरक, तोच इथे. जेवणाच्या ॲपच्या सूचना बंद करता येतात, त्या कराव्या. आपल्याला भूक लागली हे आपल्याला दुसऱ्याने सांगायची गरज नाही.

दुसरे, चार माणसांना चार पार्सले लागत नाहीत. बिर्याणीचेच घ्या. एका मोठ्या कंपनीने २०२४ सालच्या वार्षिक हिशेबात सांगितले, की वर्षभरात आठ कोटींहून जास्त बिर्याण्या तिच्यामार्फत गेल्या. बिर्याणीशी माझे वैर नाही. पण एका पार्सलात अनेक ठिकाणी दोन माणसांचा भात असतो. अर्धी मिळत असेल तर अर्धी घ्यावी. नसेल तर घरात दोघांत एक. उरलेच तर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जावे आणि दुसऱ्या दिवशी चांगले वाफ येईपर्यंत गरम करून खावे. संपवण्यासाठी खाणे हा अन्नाचा मान नव्हे.

तिसरे, घंटा वाजेपर्यंतचा अर्धा तास आपला असतो. बाहेरच्या जेवणात सगळ्यांत कमी काय येते? भाजी. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली नवी आहारसूत्रे प्रसिद्ध केली. त्यांतल्या नमुन्याच्या ताटात, दोन हजार उष्मांकांच्या माणसाला, दिवसाला चारशे ग्रॅम भाज्या सांगितल्या आहेत आणि तेलतूप फक्त सत्तावीस ग्रॅम. पार्सलात हे प्रमाण बहुधा उलटेच असते. म्हणून जेवण वाटेवर असताना काकडी चोचवावी, गाजर किसावे, टोमॅटो चिरावा, दही फेटावे. कोशिंबिरीला सुगरण लागत नाही. दहावीतला मुलगा आणि पेन्शनीत गेलेले आजोबा मिळून ती सहज करतात. ताकाचा पेला ठेवला, की बाटलीही लागत नाही. भात आणि पोळी घरची असेल, तर बाहेरून नुसती एक भाजी किंवा डाळ मागवली तरी चौघांचे साजरे जेवण होते, आणि खर्च निम्मा.

चौथे, जिथे आकडा छापलेला असतो तिथे तो वाचावा. ज्या साखळी उपाहारगृहांच्या दहा किंवा त्याहून जास्त शाखा आहेत, त्यांनी दर पदार्थापुढे उष्मांक लिहावेत असा नियम अन्नसुरक्षा प्राधिकरणाने केला असून तो १ जुलै २०२२ पासून लागू आहे. ॲपवरही हे आकडे दाखवायचे असतात. अक्षरे बारीक असतात, पण किंमत वाचायला आपण चष्मा लावतोच. तोच चष्मा जरा उजवीकडे सरकवावा. गल्लीतल्या लहान दुकानाला हा नियम नाही. तिथे विशेषणांचे व्याकरण कामी येते.

ॲप चालवणाऱ्यांनीही काही करावे, असे मला वाटते. साधे पदार्थ वर आणावे, पोळीपुढे 'बटर नको' ही खूण आधीच केलेली असावी, अर्धे माप प्रत्येक ठिकाणी असावे. ज्याला लोणी हवे तो बोट टेकवून मागेल. कोणाच्या स्वातंत्र्याला धक्का लागत नाही. ब्रिटनमधल्या त्या प्रयोगाने एवढे तर दाखवलेच आहे, की नुसती मांडणी बदलली तरी माणसे बदलतात. पण ते होईपर्यंत आपल्या फ्रिजवरचा कागद कोणी थांबवलेला नाही.

आणि हो, दिवाळीच्या चार दिवसांत यातले काहीही पाळले नाही तरी चालेल! पहाटेच्या अभ्यंगानंतर कडबोळी मोजून खाणाऱ्या माणसाशेजारी बसण्याची पाळी कोणावर येऊ नये. सण चार दिवसांचा असतो. रोजची रात्र वर्षातून तीनशे साठ वेळा येते. शरीर घडते आणि बिघडते ते त्या रात्रींवर. भाऊबीज झाली, आकाशकंदील उतरला, की पहिल्या रविवारी दुपारी कागदपेन्सिल घेऊन सगळ्यांनी मिळून बसा, आणि घरातल्या सर्वांत कमी बोलणाऱ्या माणसाला आधी विचारा: "तुम्हाला खरंच काय आवडतं?"